हिवतापाची झटपट चाचणी : फिकट रेषेमागचे विज्ञान

गडचिरोली जिल्ह्यात पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. हिवतापाचा जोरही याच दिवसांत वाढतो. अशा वेळी तापाने फणफणलेल्या रुग्णाला हिवताप आहे की अन्य काही, याचा निर्णय गावातील आशा कार्यकर्तीकडे असलेल्या, प्लास्टिकच्या आवरणातील एका पट्टीवर अवलंबून असतो. बोटाला सुई टोचून घेतलेला रक्ताचा लहानसा थेंब, त्यानंतर द्रावणाचे काही थेंब, पंधरा ते वीस मिनिटांची प्रतीक्षा आणि मग पट्टीवर उमटलेली किंवा न उमटलेली एक तांबूस रेषा. रेषा उमटली तर उपचार तेथेच सुरू होतात. न उमटल्यास रुग्ण तापाची गोळी घेऊन घरी जातो. रक्तात फाल्सिपेरम जातीचा परजीवी असूनही रेषा उमटली नसेल, तर काही दिवसांतच मेंदूचा हिवताप होऊन रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात ‘आरडीके’ किंवा नुसते ‘किट’ म्हणून ओळखली जाणारी ही झटपट निदान चाचणी अधिक संवेदनशील करण्याचे प्रयत्न जगभरातील प्रयोगशाळांमधून सुरू आहेत. त्यांना यशही येत आहे. मात्र संवेदनशीलता वाढली की प्रश्न सुटला, इतके हे सरळ नाही. ती कोणासाठी वाढवायची आणि परजीवीची कोणती खूण शोधून वाढवायची, यावर बरेच काही अवलंबून आहे.

काचपट्टी ते किट

हिवतापाचा परजीवी रुग्णाच्या रक्तात प्रथम पाहिला तो फ्रेंच लष्करी डॉक्टर अल्फाँस लाव्हेराँ यांनी, १८८० मध्ये अल्जीरियात. डासाच्या शरीरातील त्याच्या वाढीचा शोध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे लावला. विसाव्या शतकाच्या आरंभी गिएम्सा यांची रंगद्रव्याची पद्धत प्रचारात आली आणि काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे ही निदानाची रूढ पद्धत ठरली. आजही ती प्रमाण मानली जाते. कुशल तंत्रज्ञ एका मायक्रोलिटर, म्हणजे एक घन मिलिमीटर रक्तातील ५० च्या आसपास परजीवीही टिपू शकतो.

अडचण आहे ती कुशल तंत्रज्ञाची. दुर्गम भागात काचपट्टी गावातून प्राथमिक आरोग्य केंद्रात जायची, तेथे आधीच साठलेल्या काचपट्ट्यांच्या रांगेत पडायची आणि अहवाल येईपर्यंत अनेक दिवस उलटायचे. तोवर संशयित उपचार म्हणून क्लोरोक्वीनच्या गोळ्या दिल्या जात. त्यामुळे हिवताप नसलेल्यांनाही औषध मिळे आणि क्लोरोक्वीनला दाद न देणारा फाल्सिपेरम मात्र तसाच राही.

१९९० च्या दशकाच्या आरंभी फाल्सिपेरम हिवतापासाठी पट्टीवरील पहिल्या चाचण्या आल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये, शक्य तेथे प्रत्येक संशयित रुग्णाची सूक्ष्मदर्शकाने किंवा झटपट चाचणीने खात्री करूनच उपचार करावेत, अशी शिफारस केली. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१३ पासून फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स या दोन्ही जाती ओळखणारे किट वापरले जाऊ लागले. संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण आढळले आणि ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले. त्यातील बहुतांश मृत्यू आफ्रिकेतील असून ते प्रामुख्याने पाच वर्षांखालील बालकांचे आहेत.

रेषा कशी उमटते

पट्टीचा मुख्य भाग नायट्रोसेल्युलोजच्या सच्छिद्र पापुद्र्याचा असतो. टीपकागदावर शाई पसरावी तसे त्यावरून रक्त आणि द्रावण पुढे सरकते. वाटेत त्याला सोन्याचे अतिसूक्ष्म कण भेटतात. या कणांना प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. परजीवीचे विशिष्ट प्रथिन, म्हणजे प्रतिजन, रक्तात असेल तर ही प्रतिपिंडे त्याला धरतात. पुढे पापुद्र्यावर एका आडव्या ओळीत दुसरी प्रतिपिंडे रोवून ठेवलेली असतात. ती त्याच प्रतिजनाला दुसऱ्या बाजूने पकडतात आणि सोन्याचे कण तेथे अडकून पडतात. इतक्या सूक्ष्म आकारात सोने पिवळे न दिसता तांबडे दिसते, म्हणून रेषा तांबूस. आणखी पुढची नियंत्रण रेषा केवळ द्रावण नीट वाहिले, याची साक्ष देते. तिचा हिवतापाशी संबंध नाही. मात्र ती उमटली नाही तर चाचणीच बाद ठरते.

शोधल्या जाणाऱ्या प्रतिजनांत दोन महत्त्वाचे आहेत. पहिले एचआरपी-२. हे फक्त फाल्सिपेरम परजीवी तयार करतो आणि रक्तद्रवात मुबलक सोडतो. या प्रथिनात तेच ते छोटे तुकडे अनेकदा आलेले असतात. त्यामुळे एकाच रेणूला अनेक प्रतिपिंडे चिकटू शकतात आणि रेषा ठळक होते. दुसरे पीएलडीएच, म्हणजे परजीवीचे एक विकर. ते हिवतापाच्या सर्व जातींत असते आणि त्याच्या जातवार फरकावरून व्हायव्हॅक्स ओळखता येतो. पण त्याचे प्रमाण कमी आणि प्रतिपिंडांना पकडण्याच्या जागाही मोजक्या. फाल्सिपेरमच्या रेषेपेक्षा व्हायव्हॅक्सची रेषा दुबळी असण्यामागे हेही एक कारण आहे. दुसरे कारण खुद्द व्हायव्हॅक्सच्या स्वभावात आहे. तो मुख्यतः कोवळ्या तांबड्या पेशींतच शिरतो, त्यामुळे रक्तातील त्याची संख्या सहसा कमीच राहते.

दोनशेचा उंबरठा

आजचे चांगले किट एका मायक्रोलिटर रक्तात १०० ते २०० परजीवी असतील तर ते विश्वासाने दाखवते. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांनी २००८ पासून निरनिराळ्या कंपन्यांच्या किटची एकाच कसोटीवर तुलना सुरू केली, तेव्हाही मायक्रोलिटरमागे २०० आणि २,००० परजीवी असलेले नमुने वापरले गेले. पहिल्या फेरीत ४१ किट तपासले गेले. २,००० च्या नमुन्यांत बहुतेकांनी चांगली कामगिरी केली. २०० ला मात्र त्यांच्यातील तफावत उघडी पडली. बाजारातील निकृष्ट माल बाजूला पडण्यास या तुलनेची मोठी मदत झाली. संवेदनशीलतेत झालेल्या सुधारणांपैकी ही कदाचित सर्वांत मोठी असून ती कोणत्याही नव्या शोधाविना झाली, हे नमूद करायला हवे.

दोनशे हा आकडा लहान वाटतो. पण प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर, म्हणजे ५० लाख मायक्रोलिटर रक्त असते. मायक्रोलिटरमागे २०० या हिशेबाने शरीरात १०० कोटी परजीवी होतात. किटसाठी मात्र आपण घेतो साधारण पाच मायक्रोलिटर रक्त. त्यात हजारभर परजीवी असतील तेव्हा कुठे रेषा निश्चित उमटते. मायक्रोलिटरमागे दहाच परजीवी असतील, तर शरीरात पाच कोटी परजीवी असूनही पट्टी कोरी राहू शकते.

येथे संवेदनशीलता या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करावे लागतात. एक, पट्टी किमान किती प्रतिजन ओळखते. दोन, प्रत्यक्ष बाधित असलेल्या शंभर जणांपैकी किती जणांना ती बाधित म्हणून दाखवते. पहिला गुण पट्टीचा आहे; दुसरा पट्टी कोणावर वापरली त्यावरही ठरतो. तापाने आजारी पडलेल्या रुग्णाच्या रक्तात सहसा हजारो परजीवी असतात. तेथे साधे किटही उत्तम काम करते. तेच किट गावातील धडधाकट दिसणाऱ्या लोकांवर वापरले, तर अनेक बाधित त्यातून निसटतात. कारण हिवताप वर्षानुवर्षे असलेल्या भागातील लोकांना अंशतः प्रतिकारशक्ती आलेली असते. ते थोडे परजीवी बाळगून, ताप न येता, नित्याची कामे करीत असतात.

असे लक्षणविरहित बाधित हाच आता निर्मूलनातील कळीचा मुद्दा झाला आहे. ओडिशातील ‘दमन’ मोहिमेत २०१७ पासून आणि छत्तीसगडमधील ‘मलेरियामुक्त बस्तर’ अभियानात २०२० पासून, ताप असो वा नसो, दुर्गम गावांतील सर्वांची किटने तपासणी करण्यात आली. बस्तरमध्ये बाधित आढळलेल्यांपैकी बऱ्याच जणांना कोणतीही लक्षणे नव्हती. गडचिरोली आणि बस्तर यांच्यामधली सीमा डासांना आणि जंगलात ये-जा करणाऱ्या माणसांना ठाऊक नसते. तिकडच्या निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या रक्तातील परजीवीचा प्रश्न इकडचाही आहे.

रेषा ठळक करण्याचे मार्ग

पट्टी अधिक संवेदनशील करायची तर पहिला विचार प्रतिपिंडांचा होतो. रक्त आणि द्रावण चाचणी रेषेवरून काही सेकंदांतच पुढे निघून जाते. तेवढ्यात प्रतिजनाला पकडायचे असल्याने प्रतिपिंडाची पकड घट्ट असून भागत नाही, ती चपळही असावी लागते. अशा गुणाची प्रतिपिंडे निवडणे आणि ती दर खेपेस त्याच दर्जाची तयार करणे, हे काम दिसायला रुक्ष असले तरी सर्वाधिक फळ त्यानेच दिले आहे. पापुद्र्याची छिद्रे बारीक करून प्रवाह मंदावणे हा त्याचाच पूरक उपाय. त्याने पकडण्यास वेळ मिळतो, मात्र निकालालाही वेळ लागतो.

दुसरा मार्ग खुणेचा. नेहमीचे सोन्याचे कण काही दशक नॅनोमीटरचे असतात. मोठे कण किंवा सोन्याचे कवच असलेले कण वापरले तर एकेका कणाचा रंग अधिक गडद दिसतो. सोन्याऐवजी युरोपियमसारखी चमकणारी द्रव्ये वापरली तर फारच कमी प्रतिजनही ओळखता येते. पण ती चमक वाचायला यंत्र लागते, यंत्राला वीज आणि दुरुस्ती लागते. वीज नसलेल्या पाड्यावर आशा कार्यकर्तीने एकटीने करायची चाचणी, हे किटचे बलस्थानच त्यातून हरवते. प्रयोगशाळेत चमकलेल्या अनेक कल्पना याच पायरीवर अडखळल्या आहेत.

तिसरा मार्ग नमुन्याचा. रक्त थोडे जास्त घ्यायचे, चुंबकीय कणांच्या मदतीने त्यातील प्रतिजन गोळा करायचे आणि तेवढेच पट्टीवर सोडायचे. तत्त्व सोपे आहे. पायऱ्या वाढल्याने चुकाही वाढतात.

यातील सुधारणांचे सर्वांत ठळक फळ २०१७ मध्ये बाजारात आले. अलीर कंपनीने (ही कंपनी पुढे ॲबटच्या ताब्यात गेली) फाल्सिपेरमसाठी अतिसंवेदनशील किट आणले. नेहमीच्या किटच्या तुलनेत ते एचआरपी-२ चे दहापट कमी प्रमाण ओळखू शकत होते. वापरण्याची रीत तीच, यंत्र नाही. युगांडा आणि म्यानमारमध्ये लक्षणे नसलेल्या लोकांवर ते तपासले गेले. दोन्हीकडे त्याने साध्या किटपेक्षा अधिक बाधित शोधले. पण हिवतापाचे प्रमाण कमी असलेल्या म्यानमारमध्ये, जनुकीय तपासणीत सापडलेल्या बाधितांपैकी निम्म्याहून अधिक जण या नव्या पट्टीतूनही निसटले. निर्मूलनाच्या उंबरठ्यावरील प्रदेशात जेथे तिची गरज सर्वाधिक, तेथेच ती अपुरी पडली. गर्भवतींमध्ये परजीवी नाळेत दडून बसतात आणि बोटाच्या रक्तात कमी सापडतात, म्हणून त्यांच्यासाठीही हे किट उपयुक्त ठरेल अशी आशा होती. वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांत फायदा कोठे जाणवण्याजोगा, तर कोठे नाममात्र आढळला.

या किटची दुसरीही एक बाजू आहे. परजीवी मेल्यानंतरही एचआरपी-२ रक्तात अनेक आठवडे रेंगाळते. पट्टी जितकी संवेदनशील, तितके अधिक दिवस बऱ्या झालेल्या माणसातही रेषा उमटत राहते. शिवाय रुग्णसंख्या घटते तशी चुकीच्या रेषांची किंमत वाढते. समजा, एका हजार वस्तीच्या गावात पाचच जण बाधित आहेत आणि किट निरोगी माणसांबाबत ९९ टक्के अचूक आहे. तरी त्या गावात सुमारे दहा निरोगी माणसे बाधित म्हणून गणली जातील. खऱ्यांपेक्षा खोटे दुप्पट.

परजीवींची प्रत त्याहून कमी असेल तर प्रथिनाऐवजी जनुक शोधावे लागते. जपानमध्ये विकसित झालेली ‘लॅम्प’ पद्धत एका ठराविक तापमानावर तासाभरात परजीवीच्या जनुकाच्या असंख्य प्रती तयार करते आणि मायक्रोलिटरमागे अगदी मोजके परजीवीही ओळखते. गोव्यातील मोलबायो कंपनीच्या बॅटरीवर चालणाऱ्या ‘ट्रूनॅट’ यंत्रावरही हिवतापाची जनुकीय तपासणी होऊ शकते. ही साधने प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत जाऊ शकतात. आशा कार्यकर्तीच्या पिशवीत मावणारे जनुकीय किट मात्र अजून नित्याच्या वापरात आलेले नाही.

जनुकच नाही तर?

एचआरपी-२ वर बेतलेल्या चाचण्यांना खरा धक्का दिला तो परजीवीने. २०१० मध्ये पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यातील असे फाल्सिपेरम परजीवी नोंदविले गेले, ज्यांच्यात एचआरपी-२ चे जनुकच नव्हते. हे प्रथिन नसले तरी परजीवी जगतो, वाढतो, माणसाला आजारी पाडतो. पट्टी मात्र कोरी राहते. येथे संवेदनशीलता दहापट वाढवली काय आणि शंभरपट वाढवली काय, परिणाम शून्यच.

पूर्व आफ्रिकेतील इरिट्रियात याचे गांभीर्य कळले. तेथील दोन रुग्णालयांतून २०१६ मध्ये घेतलेल्या ५० नमुन्यांपैकी ३१ नमुन्यांतील परजीवींमध्ये हे जनुक नव्हते. काचपट्टीवर परजीवी दिसत होते आणि किट ‘नाही’ म्हणत होते. इरिट्रियाने एचआरपी-२ वरील किटचा वापरच थांबवला. शेजारच्या इथिओपियातही पुढे असे परजीवी आढळले. किटने ज्याला पकडले त्यावर औषध चालते आणि जो निसटला तो पसरतो. या निवडीमुळेच अशा परजीवींचे प्रमाण वाढत असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. ज्या भागात या कारणाने निसटणाऱ्या फाल्सिपेरम रुग्णांचे प्रमाण पाच टक्क्यांहून अधिक होईल, तेथे किट बदलावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे.

भारतातही हे जनुक गमावलेले परजीवी आहेत. छत्तीसगडमधील अशा नमुन्यांची नोंद २०१३ मध्ये झाली. त्यानंतर आठ राज्यांतील १,५२१ फाल्सिपेरम नमुन्यांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण सरासरी २.४ टक्के होते. ठिकाणानुसार ते शून्यापासून आठ टक्क्यांपर्यंत बदलत होते. सरासरी निकषाखाली असली तरी काही ठिकाणे निकषाच्या वर होती, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. म्हणूनच संशोधनाचा रोख आता फाल्सिपेरमच्या पीएलडीएचसाठी बळकट प्रतिपिंडे तयार करण्याकडे आणि एकाच पट्टीत दोन्ही प्रतिजने शोधण्याकडे वळला आहे. पीएलडीएचचा आणखी एक लाभ म्हणजे ते परजीवी मेल्यावर काही दिवसांतच नाहीसे होते. त्यामुळे रेषा उमटलीच तर ती चालू संसर्गाची असण्याची शक्यता अधिक.

पिशवीतला उन्हाळा

कारखान्यातून बाहेर पडलेली संवेदनशीलता गावापर्यंत तशीच पोहोचते, असे समजण्याचे कारण नाही. पट्टीवरील प्रतिपिंडे ही प्रथिनेच. उष्णतेने आणि दमटपणाने ती बिघडतात. बहुतेक किटवर ३० किंवा ४० अंश सेल्सिअसपर्यंत साठवण करण्याची सूचना छापलेली असते. विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि पत्र्याच्या छपराखालील खोलीत किंवा उभ्या गाडीत तो आणखी चढतो. एप्रिल-मे महिन्यांत असे भाजून निघालेले किट जुलैत वापरले गेले, तर पट्टी नियंत्रण रेषा दाखवूनही खरी रेषा चुकवू शकते. पाकीट आधीच फोडून ठेवणे, सोबतचे द्रावण संपल्यावर पाणी किंवा सलाईन वापरणे, ठरलेल्या वेळेपूर्वी किंवा खूप उशिरा निकाल वाचणे यांतूनही चुका होतात. द्रावणाऐवजी पाणी वापरल्यास चक्क खोटी रेषाही उमटू शकते.

फिकट रेषेचा घोळ तर सर्वत्र आहे. नियम स्पष्ट आहे : चाचणीची रेषा कितीही फिकट असली तरी निकाल ‘हिवताप आहे’ असाच धरायचा. प्रत्यक्षात कंदिलाच्या उजेडात ती नजरेतून सुटते किंवा ‘नक्की नाही’ म्हणून सोडून दिली जाते. प्रयोगशाळेने कष्टाने मिळवलेली संवेदनशीलता येथे क्षणात वाया जाते. याउलट एक विचित्र प्रकारही क्वचित घडतो. परजीवींची संख्या अतोनात वाढलेल्या गंभीर रुग्णात प्रतिजन इतके जास्त होते की दोन्ही बाजूंची प्रतिपिंडे त्यानेच व्यापून जातात आणि एचआरपी-२ ची रेषा फिकट पडते किंवा उमटतच नाही. त्यामुळे किट कोरे असूनही ताप कायम असेल, रुग्णाला गुंगी येत असेल किंवा लघवी काळपट होत असेल, तर काचपट्टीवर रक्त तपासणे आणि रुग्णालय गाठणे आवश्यक ठरते.

यकृतातले बिऱ्हाड

मुंबई आणि गोव्यातील हिवतापाचे चित्र गडचिरोलीहून वेगळे आहे. इमारतींवरील पाण्याच्या टाक्यांत आणि बांधकामांवर साठलेल्या पाण्यात वाढणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा डास तेथे मुख्य वाहक आहे आणि व्हायव्हॅक्सचे रुग्ण मोठ्या प्रमाणात असतात. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात सुप्तावस्थेत राहतात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतात. या काळात रक्तात परजीवीही नसतो आणि त्याचे प्रतिजनही नसते. पट्टी असो वा जनुकीय तपासणी, रक्तातील परजीवी शोधणाऱ्या कोणत्याही चाचणीच्या आवाक्यात तो येत नाही.

भारताने २०२७ पर्यंत स्थानिक संसर्ग शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्या दृष्टीने या सुप्त परजीवींचा माग काढण्याचा एक वेगळा मार्ग २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आला आहे. त्यात परजीवीऐवजी माणसाच्या रक्तातील आठ प्रकारच्या प्रतिपिंडांची मोजणी करून, गेल्या नऊ महिन्यांत व्हायव्हॅक्सचा संसर्ग झाला होता का, हे सुमारे ८० टक्के अचूकतेने सांगता आले. अशा व्यक्तींना प्रायमाक्वीनचा १४ दिवसांचा उपचार देऊन यकृतातील परजीवी मारता येतील, अशी त्यामागील कल्पना आहे. मात्र जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. त्यामुळे ताप नसलेल्या माणसाला हे औषध देण्यापूर्वी आणखी एक चाचणी करावी लागेल, आणि तिच्यासाठीही बोटाला टोचून रक्ताचा थेंब घ्यावा लागेल.